केव्हिनचा चमचा आणि माझी डिग्री

गेल्या मार्चमध्ये बर्मिंगहॅमहून एका मुलीचा फोन आला. नाव शीतल, वय अठरा, वडील तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. जन्म इकडे इंग्लंडातलाच, त्यामुळे मराठी जेमतेम, पण मुलगी धीट.

"काकू, मला स्पेशल स्कूलमध्ये टीचर व्हायची आहे. चार युनिव्हर्सिटीचा प्रॉस्पेक्टस आली आहे. मी टोटली कन्फ्यूज झाले. तुम्ही सांगा ना, बेस्ट कोर्स कुठली?"

मी म्हटलं, वाचून दाखव. तिने वाचलं. पहिल्या ठिकाणी साध्या प्राथमिक शिक्षकाची पदवी आणि त्यात विशेष मुलांचा विषय चिमूटभर. दुसऱ्या ठिकाणी पदवीच्या नावातच 'विशेष शिक्षण', पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं की या पदवीने शिक्षक म्हणून काम करायचा परवाना मिळत नाही. तिसऱ्या ठिकाणी परवाना मिळतो, पण अशा मुलांच्या शाळेत फक्त सहा आठवडे पाठवतात. चौथ्याचं वाचून होईपर्यंत मी पहिलं विसरले होते. अशा मुलांच्या शाळेत माझी चौदा-पंधरा वर्षं गेली, आणि मला त्या पोरीला एक सरळ वाक्य सांगता येईना. शेवटी मी म्हटलं, "रविवारी फोन कर, मी विचार करून ठेवते."

आमचे हे पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "अगं, तुझाच तर विषय आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाचे अनुभव मागितले, तेव्हा मला आधी तो फोन आठवला. या लाईनीत कशा आलात, असं मला इथल्या मराठी मंडळात नेहमी विचारतात, आणि मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी शोभा होते. तरी सांगते.

आम्ही तेव्हा लंडनजवळ स्लाऊला नवीन होतो. यांची नोकरी ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. मी मिरजेची, बीए दुसऱ्या वर्षानंतर सोडून लग्न करून आलेली. आमची मेधा शाळेत जायला लागली आणि मला घर खायला उठलं. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक शाळा होती. तिच्या फाटकावर 'डिनर लेडी पाहिजे' अशी पाटी लागली. मला वाटलं, संध्याकाळचं काम, जमणार नाही. शेजारणीने सांगितलं, अगं, दुपारी बाराच्या जेवणाला इकडे शाळेत डिनर म्हणतात. म्हणजे ताटं वाढायची, मुलांवर लक्ष ठेवायचं, टेबलं पुसायची. मी अर्ज केला आणि मला घेतलं.

ती शाळा कसली आहे ते मला पहिल्या दिवशी आत गेल्यावर कळलं. साठेक मुलं. काही चाकाच्या खुर्चीत, काही न बोलणारी, काही सारखी बोलणारी. आपल्याकडे तेव्हा अशांना सर्रास मतिमंद म्हणत. घरी येऊन मी रडले, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी मात्र गेले, कारण लहान मुलांच्या टेबलावर सहा वर्षांचा केव्हिन होता.

केव्हिन बोलत नव्हता. गुबगुबीत, डोक्यावर गवतासारखे उभे पिवळे केस. सगळी जेवत असताना तो आपल्या ताटाकडे नुसता बघत बसे. बटाट्याचा लगदा, मटार, त्यावर तपकिरी ग्रेव्ही, सगळं गार होऊन जाई. आता मी ज्या घरातून आले तिथे मूल ताटासमोर उपाशी बसलेलं कुणी बघूच शकत नाही. मी आठ वर्षांची होईपर्यंत माझी आई मला भरवायची, मेधाला मी भरवत होते. मी केव्हिनजवळ बसले, चमचा उचलला आणि म्हटलं, "हा घास काऊचा." त्याने माझ्याकडे बघितलं आणि आ केला. "हा घास चिऊचा." दहा मिनिटांत ताट साफ. मधूनच मी त्याला चमचा देऊन म्हणे, आता मला एक दे. मग तो मला भरवायचा आणि खिदळायचा. मेधाशीही आमचा हाच खेळ चाले. जानेवारीपासून ईस्टरपर्यंत रोज दुपारी हा कार्यक्रम. मला इतकं छान वाटायचं, की कुणाला तरी आपण हवे आहोत.

केव्हिनच्या वर्गाच्या बाई मिसेस ह्यूज. उंच, वेल्सकडच्या, कमी बोलणाऱ्या. ईस्टरच्या सुट्टीआधी एकदा त्या जेवणघरात आल्या आणि म्हणाल्या, "केव्हिन दुपारी कसा जेवतो?"

"एकदम छान," मी अभिमानाने म्हटलं. "ताट चाटूनपुसून साफ करतो."

"पण कसा?"

"मी भरवते ना!"

बाई मुलांच्या त्या इवल्या खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे धरली.

इथे मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. अशा मुलाला चमच्याने खायला शिकवताना आम्ही शेवटाकडून सुरुवात करतो. बाईंनी चमचा भरायचा, मुलाच्या हातावर आपला हात ठेवायचा, चमचा तोंडापर्यंत न्यायचा आणि अगदी एक इंच उरला की आपला हात काढायचा. तो शेवटचा इंच मुलाचा. घास तोंडात जातो, त्याला वाटतं मीच केलं. मग पुढे दोन इंच, मग तीन, असं मागे मागे येत एके दिवशी ताटापासून तोंडापर्यंतचा सगळा रस्ता त्याचा होतो. याला महिने लागतात. मिसेस ह्यूज रोज साडेदहाला दह्याच्या वाटीवर हे करत होत्या आणि रोजचे इंच वहीत लिहीत होत्या. सप्टेंबरात शून्य, ख्रिसमसला तीन. त्यानंतर आकडे उलटे फिरले होते. दोन, एक, आणि मार्चमध्ये पुन्हा शून्य. बाई तीन महिने स्वतःला दोष देत होत्या.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले. बाई रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की यात काय अडकलंय.

केव्हिनची आई मॉरीन एकटी होती. बिस्किटांच्या कारखान्यात सकाळची पाळी, घरी जुळी तान्ही पोरं. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या लोकांचं म्हणणं होतं की तिला हा झेपत नाही. समुद्राकाठी दोन तासांवर एक निवासी शाळा होती, सोमवार ते शुक्रवार त्याला तिथे ठेवावं. मॉरीन पाठवायला तयार नव्हती. जुलैत कौन्सिलचे सायकॉलॉजिस्ट येऊन बघणार होते की केव्हिन काय काय आपलं आपण करतो. त्यांच्या फॉर्मवरची पहिलीच ओळ होती, 'स्वतःच्या हाताने खातो का?' म्हणजे पोरगा आईजवळ राहणार की नाही, याचा निकाल बराचसा चमच्यावर होता आणि त्या चमच्याची मी वाट लावली होती.

बाईंनी खटपट करून जुलैची तपासणी डिसेंबरवर ढकलली. आणि सप्टेंबरात शाळा उघडल्यावर माझ्यासमोर दोन पुस्तिका टाकल्या. म्हणाल्या, "तो तुमच्याकडे बघतो. माझ्याकडे वर्षभरात बघितलं नाही. हे शिकवून येत नाही. बाकीचं मात्र शिकावं लागतं. जा, टीचर व्हा. नाहीतर तुम्ही जन्मभर नुसतं भरवत बसाल."

मला आधी हसूच आलं. मी, बीए नापाससुद्धा नाही, अर्धवट! पण इकडे मोठ्या वयाच्या बायकांना घेत असत, आणि माझी मिरजेची दोन वर्षं प्रवेशापुरती चालणार होती. अर्ज डिसेंबरच्या मध्यापर्यंत जायला हवा होता. प्रश्न एवढाच होता, कुठला.

पहिली पुस्तिका लंडनजवळच्या एका कॉलेजची. चार वर्षांची पदवी, फक्त अशाच मुलांना शिकवण्याची. पहिल्या आठवड्यापासून त्यांच्यात. मी बघायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी चहा दिला आणि सांगितलं की सरकारने असे कोर्स बंद करायचं ठरवलंय, तुमची बॅच बहुतेक शेवटची. दुसरी पुस्तिका एका पॉलिटेक्निकची. तिथेही चार वर्षं, पण साध्या प्राथमिक शाळेचं शिक्षण. मग दोन-तीन वर्षं साध्या शाळेत नोकरी, मग अशा मुलांसाठी वेगळा डिप्लोमा. तिथले सर म्हणाले, "तीस साधी मुलं वर्षभर बघितल्याशिवाय वेगळं मूल वेगळं कशात आहे ते कळत नाही." मला ते पटलं. पहिल्या कॉलेजच्या बाई म्हणाल्या होत्या, "साध्या शाळेची सवय लागली की या मुलांसाठी लागणारा धीर राहत नाही." मला तेही पटलं होतं. जो शेवटचा बोलेल तो बरोबर, अशी माझी गत झाली.

आमचे हे प्रयोगशाळेतले. यांनी आलेखाचा कागद घेतला, दोन रकाने केले आणि प्रवास, नोकरीची शक्यता, अभ्यास झेपेल का, मेधाच्या शाळेची वेळ अशा ओळी पाडून प्रत्येकीला दहापैकी गुण दिले. रात्रीचं जेवण खोळंबलं. बेरीज सत्तावीस आणि सत्तावीस.

"कुठेतरी चुकलंय," हे म्हणाले.

"सगळंच चुकलंय," मी म्हटलं आणि ताटं घेतली.

मंडळाच्या कोजागरीला मी विषय काढला. एका डॉक्टरीणबाईंनी दुधाचा पेला खाली ठेवून विचारलं, "पण काय हो, त्या मुलांना शिकवायला डिग्री कशाला लागते?" ईस्टरच्या आधी मलाही तेच वाटत होतं. पण रस्ताभर मला राग येत राहिला आणि तो नक्की कुणाचा ते कळेना.

मग मी कांबळेकाकांना विचारलं. काका पोस्टात टपाल लावायच्या कामाला होते आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्यांनी दोन पदव्या मिळवलेल्या. दर एप्रिलमध्ये ते आमच्यातल्या पोरांना कॅमडेनला किंग हेन्रीज रोडवरच्या त्या घरासमोर घेऊन जात. तेव्हा ते घर कुणा खासगी माणसाचं होतं, आत जाता येत नसे. काका समोरच्या फुटपाथवर टोपी काढून उभे राहत आणि पोरांना सांगत, इथे आपल्या देशाची घटना लिहिणारा आपला माणूस दिवा लावून अभ्यास करत होता.

काकांनी दोन्ही पुस्तिका चष्मा लावून पानन् पान वाचल्या. मग म्हणाले, "ताई, आपण बाहेरची माणसं. आपल्याला डिग्री अशी घ्यावी लागते, की उद्या कुणी तिच्यावर बोट ठेवू शकणार नाही. हा पहिला कोर्स बंद पडतोय. दहा वर्षांनी त्याचं नावही कुणाला माहीत नसणार. तुम्ही दुसरी घ्या. कुठल्याही शाळेत चालेल."

"पण काका, मला कुठल्याही शाळेत नाही जायचं. मला त्या एकाच टेबलावर बसायचंय."

काकांनी दोन्ही पुस्तिका मिटून माझ्या हातात दिल्या. "मग मला कशाला विचारता?" म्हणाले.

इकडे शाळेत मी हात मांडीखाली घेऊन बसायला शिकत होते. अक्षरशः. केव्हिनच्या टेबलावर मी रोज दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसे. तो आ करून माझ्याकडे बघे, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. पहिल्या आठवड्यात तो रडला, ताट फेकलं, एकदा मला चावला. मग आता दुपारीही मिसेस ह्यूजच्या सांगण्याप्रमाणे मी त्याच्या हातावर हात ठेवून इंच इंच सोडायला लागले. आमचा मला-एक-दे हा खेळ बाईंनी बंद करायला सांगितला नव्हता, पण मीच बंद केला. ऑक्टोबरात एक इंच, नोव्हेंबरात चार. डिसेंबर उजाडला आणि एका मंगळवारी केव्हिनने ताटातून बटाटा उचलून आपला आपण तोंडात घातला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात काढला तर बाई दारातून म्हणाल्या, "हात खाली!" आणि त्यांचेच डोळे भरलेले.

सायकॉलॉजिस्ट आले त्या दिवशी मी लवकर गेले. फाटकापाशी मॉरीन केव्हिनला घेऊन उभी होती. कामावर दांडी मारून आली होती. त्याला नवीन स्वेटर घातलेला, ते उभे केस पाणी लावून बसवलेले.

"दोन वाट्या पॉरिज खाल्लंय आज," ती मला म्हणाली. म्हणजे ओट्सची लापशी. "म्हटलं, पोटभर असलं की शांत राहील, त्या साहेबांसमोर रडणार नाही."

"छान केलंस," मी म्हटलं. परीक्षेला जाणाऱ्या मुलाला मीही तसंच पाठवलं असतं.

साहेब म्हणजे मऊ आवाजाचे गृहस्थ, गुडघ्यावर फॉर्म ठेवून टेबलाच्या टोकाला बसले. मिसेस ह्यूज भिंतीला टेकून उभ्या. मी केव्हिनशेजारी, हात मांडीखाली. ताट आलं. केव्हिनने चमचा धरला. बटाटा घेतला, छान, भरपूर, एक थेंब न सांडता. चमचा वर आला. तोंडापासून एक इंचावर थांबला.

मग चमचा वळला आणि माझ्या तोंडासमोर आला.

तो हसत होता. माझ्याकडे बघून त्याने स्वतःच आ केला, मी जसा करायचे तसा. मी काय करायला हवं होतं? आज मी दहा उत्तरं देऊ शकते. त्या क्षणी मात्र मी मिरजेची होते. आपल्यात कुणी प्रेमाने घास पुढे केला तर तोंड मिटून घेत नाहीत. माझं तोंड आपसूक उघडलं आणि मी तो बटाटा खाल्ला.

केव्हिन टाळ्या पिटायला लागला. पुन्हा चमचा भरला, पुन्हा मला. तिसऱ्यांदा पुन्हा मला. मग त्याने चमचा ताटाशेजारी नीट ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

साहेबांनी फॉर्मकडे बघितलं. 'स्वतःच्या हाताने खातो का?' पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. त्यांचं पेन पहिल्या चौकटीवर गेलं, दुसरीवर गेलं, पुन्हा वर गेलं. त्या माणसाचा मला राग येत नाही, तेही माझ्यासारखेच गोंधळले होते. मिसेस ह्यूज पुढे येऊन म्हणाल्या, "ज्याला भरलेला चमचा दुसऱ्याच्या तोंडापर्यंत न सांडता नेता येतो, त्याला स्वतःच्या तोंडापर्यंत नेता येत नाही असं कसं म्हणता? परवाच त्याने खाल्लंय."

"परवाचं मी बघितलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "आणि आज त्याने खाल्लेलं नाही." आणि त्यांनी 'नाही'वर खूण केली.

मुलं बाहेर खेळायला गेल्यावर मी मिसेस ह्यूजना विचारलं, "मी तोंड मिटून घ्यायला हवं होतं का?"

"वीस वर्षं झाली मला या कामात," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही."

"यांतल्या कुठल्या कोर्सला ते शिकवतात?"

"कुठल्याच नाही."

अर्ज माझ्या पिशवीत होता, पसंतीच्या दोन जागा कोऱ्या. मी तिथेच, ओल्या टेबलावर, त्यांच्याच पेनने तो भरला. सगळं मागून पुढे बघितलं, चमचा शिकवतात तसं. शेवटी मला कुठे बसायचंय? या टेबलावर. मग त्याच्या अलीकडचा इंच कुठला? आणि पहिल्या जागी मी ते बंद पडणारं कॉलेज लिहिलं. हे म्हणाले, सत्तावीसच होते ना दोन्हींना. मी म्हटलं, हो.

जानेवारीत पत्र आलं आणि केव्हिन समुद्राकाठच्या त्या शाळेत गेला. मॉरीनने मला एका शब्दाने बोल लावला नाही. सोमवारी सकाळी कौन्सिलची गाडी तिच्या दाराशी यायची, ती माझ्या रस्त्यावरूनच जायची. मी कितीतरी सोमवार मागच्या गल्लीने शाळेत गेले.

माझ्या डिग्रीचं काय झालं तेही सांगते. चार वर्षं केली, चांगली पास झाले, त्याच शाळेत बाई म्हणून परत आले. टेबल तेच, केव्हिन नव्हता. आणि कांबळेकाकांचं म्हणणं दहाच्या जागी पाच वर्षांत खरं झालं. आमच्या शाळेतली काही मुलं साध्या शाळांत पाठवायचं ठरलं, तेव्हा त्यांच्याबरोबर जायला मी अर्ज केला. तिथल्या हेडमास्तरांनी माझं सर्टिफिकेट उलटसुलट करून विचारलं, "ही नक्की शिक्षकाचीच पदवी आहे ना?" मला ती सही-शिक्क्यानिशी सिद्ध करायला एक टर्म लागली. त्या टर्ममध्ये माझी तीन मुलं त्या शाळेत बाईविना बसली. तेव्हा मला वाटलं की मी चुकले. नंतर माझ्या वर्गातल्या एका मुलीने तीन वर्षांनी पहिल्यांदा मान हलवून 'नको' सांगितलं, आणि तिचं ते 'नको' तिच्या आईच्याही आधी मी ओळखलं. तेव्हा वाटलं, चुकले नाही. हे असं अजून वर-खाली चालू आहे.

दोन वर्षांपूर्वी मॉरीन हाय स्ट्रीटवर भेटली. केस पांढरे झालेले. मी टाळू शकले नाही. तिनेच मला मिठी मारली.

"केव्हिन आता माझ्याहून उंच बाप्या झालाय," ती म्हणाली. "तिकडे तीन आठवड्यांत चमच्याने खायला लागला, माहीत आहे?"

तीन आठवडे!

"पण एक खोड आहे," ती हसून म्हणाली. "शुक्रवारी घरी आला की पहिला चमचा मला. तो मी खाल्ला, की मग आपला आपण जेवतो. तिथल्या लोकांनी ती मोडायला बघितलं. मी सांगितलं, ते तेवढं राहू द्या."

मी तिला सांगितलं नाही की ती खोड कुणाची आहे. तिला बहुतेक माहीत असावं.

तर रविवारी शीतलचा फोन आला. मी तिला कोर्सचं काही सांगितलं नाही. परवान्याचं बघ, तो नसेल तिथे जाऊ नकोस, एवढंच. मग तिला केव्हिनची ही गोष्ट सांगितली, आत्ता तुम्हाला सांगितली तशीच, आणि म्हटलं, "उरलेल्या तिन्ही ठिकाणी बघायला जाशील तेव्हा तिथल्या शिक्षकांना ही गोष्ट सांग आणि विचार, बाईंनी काय करायला हवं होतं? जो लगेच उत्तर देईल, त्याच्याकडे जाऊ नकोस."

"काकू, हे वीअर्ड आहे," ती म्हणाली. पण तिने ते केलं. मे महिन्यात पुन्हा फोन आला.

"दोन ठिकाणी लगेच आन्सर दिला. एक म्हणाला, तोंड बंद ठेवायचा. एक म्हणाली, खायचं, रिलेशनशिप इंपॉर्टंट आहे. तिसरा ट्यूटर होती ती म्हातारी. ती खूप वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग तिने मलाच क्वेश्चन विचारला."

"काय विचारलं?"

"त्या दिवशी त्याला भूक लागली होती का?"

फाटकापाशी नवीन स्वेटरमध्ये उभा असलेला केव्हिन मला दिसला, आणि मॉरीन, दोन वाट्या पॉरिज, पोटभर असलं की शांत राहील. मी "छान केलंस" म्हटलेलं. त्याचं पोट भरलेलं होतं. म्हणून त्याने जेवण मला दिलं, तीनदा, आणि चमचा नीट बाजूला ठेवला. शहाण्या मुलासारखा. मिसेस ह्यूजनी विचारलं नाही, साहेबांनी विचारलं नाही, आणि चार वर्षांची डिग्री आणि इतकी वर्षं वर्गात काढून मला हे एकदाही सुचलं नव्हतं.

"हॅलो? काकू? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "तू त्या म्हातारीकडे जा."

शीतल सप्टेंबरात तिथे गेली. मॉरीन मला अधूनमधून दिसते. आता आम्ही कधीकधी चहा घेतो, ती केव्हिनचे फोटो दाखवते. पॉरिजचं मी तिला कधीही सांगणार नाही.